अर्जाआधीचं काम: सीमाभागातल्या गावांसाठी सरकारी अनुदानाचा सोपा उलगडा

अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला की आपल्याकडे दोन कारणं लगेच पुढे येतात. एक, "आपली ओळख नव्हती." दुसरं, "फॉर्म कानडीत होता." दोन्हींत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले परत आलेले अर्ज समोर घेऊन बसलं की बहुतेकदा तिसरंच कारण सापडतं. आधारवर एक नाव, उताऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डात. असा अर्ज फॉर्म हातात घेण्याआधीच अडलेला असतो, आणि तो कितीही सुवाच्य अक्षरात भरला तरी सुटत नाही.

उलट ही आधीची कागदं एकदा जुळली की पुढच्या प्रत्येक योजनेचा अर्ज अर्ध्या तासाचं काम होतो. म्हणून इथे योजनांची यादी देत नाही. योजना बदलतात, त्यांची नावं बदलतात, मुदती सरतात. त्या सगळ्यांना लागणारा पाया तोच राहतो, आणि तो समजून घेतला तर गावातल्या कोणालाही दुसऱ्याच्या दारात फाईल घेऊन उभं राहावं लागणार नाही.

पैसे कोणत्या वाटेने येतात

"अर्ज केला, तरी मिळालं नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, योजना कोणत्या प्रकारची होती? कारण सगळीकडे अर्ज हाच शब्द असला तरी वाटा वेगवेगळ्या आहेत.

घरकुल यादीतून मिळतं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये आहेत, पण ते तालुक्याला अर्ज टाकून मिळत नाहीत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून आणि त्यानंतरच्या पाहणीतून यादी तयार झाली, ती ग्रामसभेपुढे आली, आणि त्या यादीच्या क्रमाने घरं मंजूर होतात. कर्नाटक सरकारच्या बसव वसती योजनेतही लाभार्थी ग्रामसभेतच निवडायचा असतो. म्हणजे घरकुलाचा खरा अर्ज ग्रामसभेच्या दिवशी तिथे हजर राहणं हाच. त्या दिवशी शेतात राहिलेला माणूस नंतर वर्षभर पंचायतीत खेटे घालतो.

दुसरी वाट सरळ हक्काची. अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला पैसे मिळतात. घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये देणारी गृहलक्ष्मी, शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणारी पीएम किसान, या अशा योजना. इथे कोणाची शिफारस लागत नाही, कोणाशी स्पर्धा नाही. पैसे अडले असतील तर ते कागदातच अडलेत, हे नक्की समजा.

तिसरी वाट उद्दिष्टाची. ठिबक, तुषार, पॉवर टिलर, कडबा कुट्टी, अन्नप्रक्रियेची यंत्रं. या योजनांना दर आर्थिक वर्षात तालुक्याला ठरावीक उद्दिष्ट येतं. ते संपलं की योजना चालू असूनही पैसे नसतात. म्हणून इथे वेळ महत्त्वाची. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की पेरणीच्या गडबडीआधी होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत, किंवा फलोत्पादन खात्यात जाऊन या वर्षी काय आलंय ते विचारून यावं. फेब्रुवारीत गेलेल्याला "पुढच्या वर्षी या" हे उत्तर मिळतं, आणि त्यात त्या कारकुनाचा दोष नसतो.

या तिसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे. बहुतेक अनुदानांत आधी मंजुरीचं पत्र, मग खरेदी, असा क्रम असतो. दुकानदार सांगतो, "यंत्र घेऊन जावा, अनुदान मागाहून येतंयच." मंजुरीच्या आधीच्या तारखेचं बिल लावलं की अर्ज तिथेच बाद. यंत्र घरी, कर्ज डोक्यावर, आणि अनुदान नाही.

नाव

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडतात आणि आपल्या भागात हे दुप्पट होतं, कारण आपलं नाव तीन लिप्यांतून प्रवास करतं. घरी मराठीत ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत महाराष्ट्राच्या पद्धतीने डी-एन-वाय ने सुरू होणारं. उताऱ्यावर ते कानडी लिपीत गेलं, आणि तिथून संगणकाने परत इंग्रजीत आणलं तेव्हा जे-एन ने सुरू झालं. आधारवर कोणीतरी जी-वाय ने लिहिलं. माणूस एकच, संगणकाच्या लेखी तिघे. आडनावाचंही तसंच: उताऱ्यावर नुसतं "नारायण कृष्णा", आधारवर "नारायण कृष्णा पाटील". गावात सगळे ओळखतात, पण पोर्टल गावात राहत नाही.

बायकांच्या बाबतीत हे आणखी अवघड. लग्नात नाव बदललं, माहेरचं सासरचं झालं. शाळेचा दाखला एका नावाचा, मतदान कार्ड दुसऱ्या नावाचं, बचत गटाच्या वहीत घरचं लाडकं नाव. गृहलक्ष्मीपासून बचत गटाच्या कर्जापर्यंत सगळं तिच्या नावाने, आणि तिचंच नाव कुठे जुळत नाही.

मग करायचं काय? आधी सगळे कागद एका टेबलावर पसरा आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून ताडा. आधारला पाया माना, कारण पुढे सगळं आधारशी जोडलं जातं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे घाईने केंद्रावर जाऊन कोणीतरी टाईप करेल ते मान्य करू नका. शाळेचा दाखला असेल तर त्यावरचं स्पेलिंग धरा, ते स्वतः कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, आणि पडद्यावर वाचून मगच बोट लावा. त्यानंतर बँक, रेशनकार्ड, उतारा हे आधारसारखं करून घ्यायचं.

"दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून देण्याची आपल्याकडे सवय आहे. कुठे कुठे ते चालतं. पण प्रतिज्ञापत्र माणूस वाचतो, संगणक वाचत नाही. ज्या योजनेत आधार आणि उतारा आपोआप जुळवले जातात तिथे त्या स्टँप पेपरचा उपयोग नाही. त्याच वेळेत नाव दुरुस्तीचा अर्ज दिला तर ते कायमचं मिटतं.

उतारा नीट वाचायला शिका

आपण उताऱ्याची प्रत काढतो, घडी घालून फाईलीत ठेवतो, पण वाचत नाही. कानडीत आहे म्हणून सोडून देतो. खरं तर त्यात बघायच्या जागा थोड्याच आहेत. नवव्या कॉलमात मालकाचं नाव आणि खाते नंबर. अकराव्यात बोजा, म्हणजे बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज. बाराव्यात कसणारा आणि पीक. क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं लिहिलेलं असतं. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. योजनेच्या नियमांत मात्र हेक्टर येतो. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्पभूधारक, दोनपर्यंत अल्पभूधारक. तेव्हा पाच एकराच्या आतला शेतकरी अल्पभूधारकाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीतून, काढू शकतो, आणि पुष्कळ योजनांत त्याला त्यामुळे जास्त टक्के मिळतात.

अकराव्या कॉलमात फेडलेलं कर्जसुद्धा तसंच राहिलेलं दिसतं. बँकेने "बाकी नाही" असं पत्र दिलं, ते आपण घरी ठेवलं, आणि उताऱ्यावरचा बोजा कोणी काढलाच नाही. नवीन कर्जाशी जोडलेलं कुठलंही अनुदान मग तिथे अडतं.

सगळ्यात मोठी गाठ नवव्या कॉलमात असते. आजोबा वारले, वडील वारले, आणि उताऱ्यावर अजून आजोबाच. याला महसूल खात्याच्या भाषेत पौती खातं म्हणतात. अशा जमिनीवर नातू राबतो, ऊस लावतो, कारखान्याला घालतो, पण सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही. ना पीएम किसान, ना ठिबक, ना पुरात पीक गेलं तर भरपाई.

लोक वारसा नोंद का करत नाहीत, याचं कारण मला वारंवार एकच ऐकू येतं: "भावाभावांत वाटणी झाली नाही अजून." पण वारसा नोंद करायला वाटणीची गरजच नसते. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडून अर्ज दिला, हरकतीची मुदत गेली, की सगळ्या वारसांची नावं एकत्र लागतात. वाटणी पुढे सवडीने करा. मृत्यूची नोंद त्या वेळी केलीच नसेल तर ते आधी करावं लागतं. वर्ष उलटून गेलं असेल तर त्याला वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, नुसत्या पंचायतीच्या पत्रावर भागत नाही. आणि वंशावळीत बहिणींची नावं गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीने लेकीचा वाटा लेकाइतकाच झाला आहे. नाव गाळून केलेली नोंद पुढे हरकतीत अडकते, आणि बहिणीशी कायमचं बिनसतं ते वेगळंच.

सामायिक उतारा असेल तर एखाद्या भावाला अनुदान घेताना बाकीच्यांचं संमतीपत्र मागितलं जातं. पुढे कायमची फोड करायची असेल तर भूमापकाकडून ११ई नकाशा, म्हणजे फोडीचा मोजणी नकाशा, करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण एकदा झाला की प्रत्येकाचा उतारा सुटा होतो.

उतारा सरळ झाला की रैत संपर्क केंद्रात फ्रूट्स नोंदणी, म्हणजे राज्याच्या शेतकरी नोंदीत नाव घालणं. त्यातून एफआयडी नावाचा नंबर मिळतो. शेतीच्या जवळजवळ सगळ्या योजना आणि पीक नुकसानीची भरपाई आता या नंबरावर चालतात. नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात आपले सगळे सर्वे नंबर चढलेत का, ते विचारा. मार्कंडेयच्या काठची जमीन पाण्याखाली गेली आणि एफआयडीत फक्त माळावरचा तुकडा असेल, तर भरपाई कशाची देणार?

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीपासून भीमगडच्या जंगलापर्यंत, प्रश्न याच्याही आधीचा आहे. तिथे पुष्कळांच्या कसत्या जमिनीला उताराच नाही, कारण ती कागदावर वनखात्याची. त्यांची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यातून जाते, आणि तिची सुरुवात ग्रामसभेच्या वनहक्क समितीतून होते. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. अट कठीण आहे. तरी जुन्या पावत्या, मतदार याद्या, देवस्थानाच्या वह्या, गावठाणाची जुनी नोंद हे सगळं पुरावा म्हणून मांडता येतं; घरातले पिवळे पडलेले कागद म्हणून कोणीही जाळू नयेत.

हद्दीपलीकडून आलेली सून

हा विषय आपल्याच भागाचा, म्हणून त्यावर थोडं थांबतो. समजा, चंदगडची मुलगी उचगावात दिली. आधार महाराष्ट्रातल्या पत्त्याचं. रेशनकार्डात नाव माहेरी. बँकखातं माहेरच्या गावच्या शाखेत. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, किंवा कधी काढलेलाच नाही.

तिचं काम एका क्रमाने केलं तर सुरळीत होतं. आधी माहेरच्या तालुक्यातून रेशनकार्डातलं नाव कमी केल्याचा दाखला. तो होईपर्यंत इथल्या कार्डात तिचं नाव चढणार नाही, कारण आधारमुळे एक माणूस दोन कार्डांत बसत नाही. मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला. तो नसेल तर पंचायतीत किंवा उपनिबंधक कार्यालयात करून घ्या. लग्नपत्रिका आणि फोटो सगळीकडे चालत नाहीत. मग आधारवरचा पत्ता, आणि बदलायचं असेल तर नाव, दोन्ही एकाच वेळी. शेवटी इथलं रेशनकार्ड. सासू नसेल तर त्या कार्डावर तीच कुटुंबप्रमुख होते, आणि गृहलक्ष्मीचा हक्क कुटुंबप्रमुख बाईचाच असतो.

जातीच्या दाखल्याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. नवऱ्याच्या दाखल्यावर बायकोचा दाखला निघत नाही. तिच्या वडिलांचे कागद लागतात. आणि महाराष्ट्रातला प्रवर्ग जसाच्या तसा कर्नाटकात धरला जात नाही. मराठा समाज इथे मागासवर्गीयांच्या ३ब प्रवर्गात येतो. मराठा समाजासाठी असलेल्या विकास निगमाच्या कर्ज-अनुदान योजनांना हा ३बचा दाखला लागतोच. नाडकचेरीतून निघणाऱ्या जात-उत्पन्नाच्या दाखल्यावर आरडीने सुरू होणारा एक नंबर असतो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून निगमाच्या अर्जापर्यंत पोर्टल तोच नंबर मागतं, झेरॉक्स नव्हे. तो वहीत लिहून ठेवा. उत्पन्नाच्या भागाची मुदत पाच वर्षांची असते, तीही तारीख शेजारी लिहा.

पैसे सुटले, पण गेले कुठे?

पंचायतीत सांगतात, "तुमचे पैसे जमा झालेत." पासबुकात काही नाही. मग कोणीतरी खाल्ले असा समज होतो. कधी कधी ते खरंही असेल, पण आधी एक गोष्ट तपासा. थेट लाभाचे बहुतेक पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत. आपल्या आधारला ज्या खात्याची जोडणी सगळ्यात शेवटी झाली, त्या खात्यावर ते जातात. ही जोडणी एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या नोंदीत असते. कोणीतरी गावात येऊन मोबाईलवर चटकन नवं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, आणि त्या दिवसापासून सगळे पैसे तिकडे वळले. घरात कोणाला त्याचा पत्ता नाही. सुनेच्या बाबतीत ते माहेरच्या शाखेत साठलेले सापडतात.

बँकेत जाऊन "माझं आधार एनपीसीआयला कुठल्या खात्याशी जोडलंय?" एवढंच विचारायचं. आधार नंबर खात्याला दिलेला असणं आणि अशी जोडणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत नुसती झेरॉक्स देऊन दुसरी होत नाही, त्यासाठी वेगळा फॉर्म भरून सही करावी लागते. कित्येक घरांचे अडलेले हप्ते एवढ्या एका फेरीत सुटतात.

कानडी फॉर्म

फॉर्म कानडीत असतो आणि आपल्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांना ती लिपी वाचता येत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यामुळे लोक मध्यस्थाला चहापाण्यापासून टक्क्यापर्यंत पैसे देतात, याचं मला वाईट वाटतं. कारण आतला मजकूर अनोळखी नाही. अर्जी, दाखले, खाते, ठरावु, मंजूराती, सही हे शब्द कानडीतही आहेत. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न, सहायधन म्हणजे अनुदान, फलानुभवी म्हणजे लाभार्थी, स्वीकृती म्हणजे पोच. मोबाईलवर "तिरस्कृत" असा निरोप आला तर अर्ज नामंजूर झालाय. प्रत्येक फॉर्मात थोड्याफार फरकाने हीच घरं असतात. प्रत्येक मराठी वस्तीच्या पंचायतीत नेहमीच्या फॉर्मांची मराठी समजुतीची एकेक प्रत भिंतीवर लावली, तर मध्यस्थाची निम्मी कमाई बंद होईल. गावातल्या शाळेत आज कानडी शिकणारी मुलं हे काम एका दुपारी करतील.

हे मागणं उपकाराचं नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं देशभरासाठी ठरलेलं धोरण आहे. आणि राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणालाही आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. तक्रार मराठीत लिहिली म्हणून ती घ्यायला कोणी नकार देऊ शकत नाही. माझा सल्ला मात्र व्यवहाराचा आहे: पोर्टलवरचा अर्ज कानडी किंवा इंग्रजीत बिनचूक भरा, कारण तिथे भाषेपेक्षा वेळ मोलाची, आणि निवेदन, हरकत, तक्रार आपल्या भाषेत मुद्देसूद लिहा, कारण तिथे नेमकेपणा मोलाचा. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

पोच घेतल्याशिवाय उठू नका

अर्ज ग्राम वन (इंग्रजी One) या सरकारी सेवा केंद्रात भरा, पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात भरा, की नाडकचेरीत. उठताना पोच हातात हवी. त्यावर नंबर असतो. कर्नाटकात २०११ चा सेवा हमी कायदा आहे, लोक त्याला सकाल म्हणतात. जात, उत्पन्न, वंशावळ, फेरफार अशा कित्येक कामांना त्यात दिवस ठरवून दिले आहेत. पोचेवरच्या पंधरा आकडी नंबराने अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघता येतं. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम लहान आहे. पण मुदत टळल्याची नोंद त्या टेबलाच्या नावावर होते, म्हणून नंबर घेऊन विचारणाऱ्याचं काम हलतं.

नामंजुरीचं कारण तोंडी सांगितलं तर लेखी मागा. मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तेव्हा गाऱ्हाणं सांगत बसू नका. "माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय शेरा मारला, त्याची प्रत द्यावी" एवढं पुरतं. एरवी साध्या तक्रारीसाठी १९०२ हा राज्याचा फोन नंबर आहे.

गावाचा अर्ज

आतापर्यंत घरचं झालं. रस्ता, गटार, स्मशानभूमीचं शेड, शाळेची खोली, पाण्याची टाकी हे मागायची रीत वेगळी, आणि इथे आपण सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतो. आमदारांना निवेदन, फोटो, पेपरात बातमी, आणि काम तिथेच. निवेदन द्यावं, पण पैसे तिथून सुटत नाहीत. पंचायतीचे पैसे वर्षाच्या क्रियायोजनेतून सुटतात. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधीही त्या आराखड्यात बसलेल्या कामावरच खर्च होतो. आराखडा ठरवायची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते: आधी वॉर्डसभा, मग ग्रामसभा. तेव्हा गणपती-दसऱ्याच्या दिवसांत मंडळाची माणसं एकत्र जमलेली असतातच. त्याच बैठकीत यंदा काय मागायचं ते ठरवून घ्यावं.

मागणी कशी लिहायची? "आमच्या गल्लीतील रस्ता अत्यंत खराब असून तो त्वरित करावा ही नम्र विनंती." अशी निवेदनं ढिगाने येतात. पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) त्यातून अंदाजपत्रक करता येत नाही. आता हे बघा: "मारुती मंदिर ते मराठी शाळा, सुमारे १८० मीटर, रुंदी ३ मीटर. दोन्ही बाजूंना ३४ घरं. जागा पंचायतीच्या रस्त्याची, खासगी नाही. यापूर्वी खडीकरण झालं, काँक्रीट नाही. पावसाळ्यात गटाराचं पाणी शाळेच्या फाटकात येतं." पाच ओळी, आणि अभियंत्याला जे हवं ते सगळं त्यात आहे. जागेचं वाक्य विसरू नका. कितीतरी मंजूर कामं "जागा कोणाची" या एका प्रश्नावर परत जातात. शेड किंवा सभागृह मागत असाल तर जागेचा उतारा आधी पंचायतीच्या किंवा संस्थेच्या नावावर हवा. देणगीदाराने तोंडी दिलेली जागा चालत नाही. त्याच्या पश्चात मुलांनी हरकत घेतली की पाया खणून तसाच राहतो.

मंडळ किंवा महिला मंडळ संस्था म्हणून अनुदान मागणार असेल, तर नोंदणी एकदा करून थांबता येत नाही. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकाकडे द्यावे लागतात. पाच-सात वर्षं ते थकलेलं असतं आणि अनुदानाची जाहिरात आल्यावर धावाधाव होते. शिवाय पहिला हप्ता खर्च झाला की विनियोगाचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे पैसे ज्या कामासाठी आले त्यावरच खर्चले याचा बिलांसह पुरावा. तो गेला नाही तर दुसरा हप्ता येत नाही, आणि पुढची काही वर्षं त्या संस्थेचं नाव यादीत मागे पडतं. म्हणून सिमेंटच्या पहिल्या पोत्याचं बिलही संस्थेच्या नावाने, जीएसटीच्या नंबरासह घ्या. खजिनदाराच्या नावाचं बिल लेखापरीक्षक मानत नाही.

बचत गटांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत बेळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून गूळ ठरला आहे. यंत्रखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत केंद्राचं अनुदान, त्यावर कर्नाटक सरकारची भर, आणि गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. अर्थात यंत्रखर्चाचं अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. बँकेने कर्ज दिलं तरच ते येतं. आणि बँक बघते गटाची वही. दर आठवड्याची बैठक, वेळेवर फेड, सह्या. ज्या गटाने वही नीट ठेवली त्याच्याकडे अर्ज आधीच निम्मा भरलेला असतो.

राहता राहिली ग्रामसभेची नोंदवही. सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी, आणि तिथे काय ठरलं हे फक्त त्या वहीवरून सिद्ध होतं. बहुतेक गावांत लोक येतात, कोरं पान समोर येतं, रांगेने सह्या होतात, आणि मजकूर मागाहून लिहिला जातो. हे थांबवायला कायदा लागत नाही, चार माणसं लागतात. वहीत आपली मागणी मीटर आणि ठिकाणासकट कानडीत उतरली का, ते कानडी वाचता येणाऱ्या एका पोराला तिथल्या तिथे मोठ्याने वाचायला सांगा. ऐका. काही राहिलं असेल तर पीडीओंसमोर भरून घ्या. मग सही करा, आणि त्या पानाची प्रत तिथेच मागून घ्या.